डॉक्टर ओशॉनेसी : जस्त-तांब्याची वीज आणि हिंदुस्थानातील तार

आपल्या वऱ्हाडात ज्यांची वये आज साठीच्या पुढे गेली आहेत त्यांस तार येणे म्हणजे काय हे सांगावयास नको. शिपाई तार घेऊन दारात उभा राहिला की कागद उघडण्यापूर्वीच घरातील बायका रडू लागत. कारण पाऊस बरा झाला किंवा गाय व्याली हे कळविण्यासाठी खेड्यातला मनुष्य तारेचे पैसे खर्च करीत नसे. तार बहुधा इंग्रजीत असे. म्हणून ती शाळेच्या मास्तरांकडे किंवा मंडळीच्या उपदेशकाकडे वाचावयास आणीत, आणि वाईट बातमी तोंडाने सांगण्याचे काम त्या बिचाऱ्याच्या गळ्यात पडे. सन १८५५ च्या फेब्रुवारीत सर्व लोकांस खुली झालेली ही तार सन २०१३ च्या जुलै महिन्यात बंद करण्यात आली.

हिंदुस्थानात ही तार ज्यांनी उभी केली ते मूळचे इंजिनियर नव्हते, डॉक्टर होते. त्यांचे नाव विल्यम ब्रुक ओशॉनेसी. तारेचे खांब रोवण्यापूर्वी वीस वर्षे त्यांनी पटकीच्या रोगाचे मर्म शोधून काढिले होते. या दोन कामांपैकी एकास राज्यकर्त्यांनी उचलून धरिले आणि दुसरे सुमारे पाऊणशे वर्षे जवळजवळ विस्मृतीत गेले. म्हणून त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

ओशॉनेसी यांचा जन्म आयर्लंडातील लिमरिक शहरी सन १८०८ च्या सुमारास झाला. एडिंबरो येथील विद्यापीठात वैद्यक व रसायन ही शास्त्रे शिकून सन १८२९ साली ते डॉक्टर झाले. पुढे ते लंडनास गेले, परंतु त्या शहरात वैद्यकी करण्याचा परवाना त्यांस मिळेना. तेव्हा रसायनशाळा घालून विषांची परीक्षा करणे, औषधांचे पृथक्करण करणे असल्या कामांवर ते निर्वाह करू लागले. हा अडथळा आला नसता तर ते लंडनातील एक सुखवस्तू डॉक्टर होऊन राहिले असते आणि आज त्यांचे नाव कोणास ठाऊक नसते, असे मला वाटते.

सन १८३१ च्या अखेरीस पटकी इंग्लंडात शिरली. बंगालमधून निघालेला हा रोग रशिया व जर्मनी या देशांतून फिरत फिरत संडरलंड नावाच्या बंदरास पोहोचला. माणूस सकाळी धडधाकट असे आणि सायंकाळी डोळे खोल गेलेला, निळा पडलेला, थंडगार मुडदा होई. त्या काळचे वैद्य करीत काय, तर अशा रोग्याची शीर तोडून त्याचे रक्त काढीत! तेवीस वर्षांचे ओशॉनेसी साथीच्या गावी गेले आणि त्यांनी रोग्यांचे रक्त घेऊन रसायनशास्त्राच्या रीतीने तपासले. त्यांस असे आढळले की, रक्तातील पाणी फार कमी झाले आहे, मीठ व इतर क्षार घटले आहेत आणि हीच द्रव्ये रोग्याच्या जुलाबात उतरली आहेत. मग उपाय उघडच होता. जे गेले ते परत घालावे. पोटातून राहत नसेल तर क्षाराचे पाणी शिरेतून घालावे. हे त्यांनी वैद्यांच्या पत्रात छापून प्रसिद्ध केले.

हा उपाय प्रथम करून पाहिला तो स्कॉटलंडातील लीथ गावच्या डॉक्टर थॉमस लॅटा यांनी, सन १८३२ च्या मे महिन्यात. त्यांची पहिली रोगी एक म्हातारी बाई होती; ती मरणाच्या दारी होती. शिरेतून पाणी जाऊ लागताच तिचे डोळे उघडले, आवाज परत आला, हातपाय गरम झाले. लॅटा यांस वाटले की आता भय नाही, म्हणून तिला इस्पितळातील दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून ते गेले. ते गेल्यावर जुलाब पुन्हा सुरू झाले. कोणी पाणी पुन्हा घातले नाही, आणि काही तासांतच ती वारली. पुढे त्यांच्या हातून काही रोगी खरोखर वाचलेही. परंतु रोगी पार मरणास टेकल्यावरच हा उपाय करीत आणि पाण्याचे प्रमाण पुरेसे नसे. शिवाय जंतूंचे ज्ञान नसल्यामुळे ते पाणी शुद्ध नसे. पुढील वर्षी लॅटा वारले. त्याच वर्षी, म्हणजे सन १८३३ मध्ये, ओशॉनेसी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दुय्यम सर्जन होऊन बंगालकडे निघाले. उपायाचा कैवार घेणारे कोणी मागे राहिले नाही.

कलकत्त्यास सन १८३५ साली मेडिकल कॉलेज स्थापन झाले व तेथे ओशॉनेसी रसायनशास्त्राचे प्रोफेसर झाले. या देशातील औषधी वनस्पतींचा त्यांनी पुष्कळ अभ्यास केला. गांजा व भांग यांपासून काढलेला अर्क धनुर्वातासारख्या रोगांवर देऊन पाहिला व त्याची हकीकत लिहून तो युरोपातील वैद्यांच्या नजरेस आणिला. पटकीच्या रोग्यांसही तो दिला. ज्याने क्षारपाण्याची युक्ती काढिली त्यानेच हातात गांजाचा अर्क घ्यावा, हे पाहून मन थोडे खट्टू होते. पण आज घरी बसून त्यांचा न्याय करणे सोपे आहे.

कॉलेजात शिकविता शिकविता त्यांचा ओढा गॅल्व्हानिक विजेकडे लागला. ही वीज म्हणजे काय हे येथे थोडे सांगितले पाहिजे. इटलीतील बोलोन्या शहरी गॅल्व्हानी नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. मेलेल्या बेडकाच्या पायास दोन निरनिराळे धातू एकमेकांस जोडून लाविले असता तो पाय झटका खातो, असे त्यांच्या दृष्टीस पडले. ही वीज बेडकाच्याच अंगातील, असे त्यांनी मानिले. व्होल्टा या दुसऱ्या इटालियन पंडितांनी दाखविले की बेडकाची गरजच नाही. सन १८०० मध्ये त्यांनी जस्ताची चकती, तिच्यावर खाऱ्या पाण्यात भिजविलेला कागदाचा किंवा कापडाचा तुकडा, त्यावर दुसऱ्या धातूची चकती, अशी थरावर थर रचून उतरंड केली आणि तिच्या दोन टोकांस तारा लावून वीज सतत वाहती केली. त्यापूर्वी काच किंवा राळ घासून काढिलेली वीज एका ठिणगीत संपून जाई. आता ती ओढ्याच्या पाण्यासारखी वाहू लागली. या उतरंडीत जस्त हळूहळू झिजते, आणि त्या झिजण्यातूनच वीज निघते. चुलीत लाकूड जळून ऊब निघते, तसेच हे. पुढे डॅनियल नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी सन १८३६ साली तांब्याचे भांडे, त्यात मोरचुदाचे पाणी, आत मातीचे सच्छिद्र मडके आणि मडक्यात जस्ताची कांडी, असा घट तयार केला. त्याची वीज पुष्कळ वेळ सारख्या जोराने मिळे. तारघरांस असल्याच विजेची गरज होती.

वाचकांपैकी कोणास खात्री करून घ्यावयाची असेल तर एका लिंबात तांब्याच्या तारेचा तुकडा व जस्त चढविलेला खिळा जवळ जवळ खोचावा, पण एकमेकांस लागू देऊ नये. मग दोहोंची टोके एकाच वेळी जिभेस लावावी. किंचित आंबट झिणझिणी लागते. घरातील दिव्याच्या विजेशी मात्र असला खेळ कोणी करू नये. ती प्राण घेते. आपल्या घरांवर जे गॅल्व्हनाइज्ड पत्रे असतात त्यांचे नावही याच गॅल्व्हानींवरून पडले आहे, परंतु ते पत्रे सामान्यतः वितळलेल्या जस्तात बुडवून काढितात. त्या कामी विजेचा संबंध नसतो. दागिन्यांवर सोन्यारुप्याचा मुलामा चढविण्याचा कारखाना मात्र या विजेवरच चालतो. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे सन १८४० पासून हा धंदा भरभराटीस आला.

ओशॉनेसी यांनी कलकत्त्यात या विजेचे दोन मोठे प्रयोग केले. हुगळी नदीत फुलता गावाजवळ इक्विटेबल नावाचे जहाज बुडून पडले होते व येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांस त्याचा धोका होता. ओशॉनेसी यांनी बंद भांड्यात दारू भरून ती पाण्याखाली जहाजाशी नेऊन ठेविली आणि वर बॅटरीपासून तारा जोडल्या. वीज सोडताच आतील बारीक तार तापून दारूने पेट घेतला आणि जहाजाचा सांगाडा उडून गेला. पाण्याखाली दारू पेटवावयाची आणि पेटविणाऱ्याने सुखरूप दूर राहावयाचे, हे पाहून लोक थक्क झाले. खाणीत सुरुंग लावण्याची सुरक्षित रीत याच मार्गाने पुढे आली.

दुसरा प्रयोग सन १८३९ च्या एप्रिल-मे महिन्यांत झाला. कलकत्त्याजवळ, वनस्पतींच्या सरकारी बागेच्या परिसरात, त्यांनी उंच बांबूंच्या रांगांवर पुढेमागे फिरवून एकवीस मैल तार ताणिली. त्यांपैकी सात हजार फूट मार्ग नदीच्या पाण्यातून होता. निरोप ओळखावा कसा? त्यांनी दोन्ही टोकांस एकसारखी चालणारी घड्याळे ठेविली. त्यांच्या तबकड्यांवर अक्षरे होती. काटा हव्या त्या अक्षरावर आला की एका टोकाचा माणूस वीज सोडी आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या बोटांस झटका बसे. अशा रीतीने बोटांनी वाचलेली ती पहिली तार! त्या काळी जगात इतकी लांब तार क्वचितच कोणी ताणिली असेल. पण सरकारने लक्ष दिले नाही. बांबू उतरविण्यात आले. ओशॉनेसी पुढे रजेवर विलायतेस गेले, सन १८४३ साली तेथील रॉयल सोसायटीचे सभासद झाले व परत येऊन कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करू लागले.

लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन आले तेव्हा वारे फिरले. हा अधिकारी मोठा करडा. राज्य वाढविणे व आवळून धरणे हा त्याचा ध्यास, आणि तारेचा उपयोग त्याच्या तत्काळ ध्यानी आला. कलकत्त्यापासून समुद्राकडे डायमंड हार्बरपर्यंत सुमारे तीस मैल तार घालून पाहावी, असे ठरून ते काम ओशॉनेसींकडे आले. सन १८५१ च्या अखेरीस ती चालू झाली. डायमंड हार्बरहून पहिला निरोप पाठविणारे होते शिवचंद्र नंदी. हे बंगाली गृहस्थ टांकसाळीत ओशॉनेसींच्या हाताखाली होते व पुढे तारखात्यातील मोठ्या योग्यतेचे अधिकारी झाले.

या कामी ओशॉनेसी यांनी विलायतेची नक्कल केली नाही, हे मला विशेष वाटते. विलायतेत बारीक तार घालीत. येथे वानरे तारेवर झोके घेणार, घारी बसणार, वादळे होणार. म्हणून त्यांनी करंगळीएवढ्या जाड लोखंडी सळया जोडून बांबूंवर टाकल्या. जमिनीखालून नेलेल्या भागात सळईस डांबरात भिजविलेले कापड गुंडाळून ती कौलांच्या पन्हळीत राळ व वाळू यांच्या रसात बसविली. नदीत गटापर्चा नावाच्या चिकाने मढविलेली तार लोखंडी साखळीच्या आश्रयाने टाकली, म्हणजे जहाजांचे नांगर तिला तोडू नयेत. विलायती यंत्रे महाग व नाजूक होती. त्यांच्या ऐवजी त्यांनी एक लहानशी सुई डावीउजवीकडे हलणारे साधे यंत्र योजिले. ते येथील कारागीर थोड्या खर्चात करीत. सुई कोणत्या बाजूस किती वेळा हलली यावरून अक्षर ओळखावयाचे. कलकत्त्यातील तरुण मुले हे काम शिकली.

सन १८५२ च्या आरंभी तार समुद्रकिनाऱ्यावरील खेजुरीपर्यंत पोहोचली, आणि तेवढ्यात ब्रह्मदेशाशी युद्ध जुंपले. रंगून पडल्याची बातमी जहाजाने खेजुरीस आली ती तारेने तत्काळ डलहौसीच्या टेबलावर गेली. मग काय विचारता? ज्या कंपनीने बारा वर्षे ढुंकून पाहिले नव्हते तिने काही महिन्यांतच सर्व हिंदुस्थानभर तार घालण्यास मंजुरी दिली. ओशॉनेसी विलायतेहून सामान घेऊन आले. सन १८५३ च्या नोव्हेंबरात कामास हात लागला, आणि पुढील मार्चच्या २४ तारखेस कलकत्त्याहून आग्र्यास, सुमारे आठशे मैलांवर, निरोप गेला. पुढे ग्वाल्हेर व इंदूर यांवरून मुंबई, मुंबईहून मद्रास, आणि वर पंजाब. सन १८५६ च्या आरंभापर्यंत सुमारे चार हजार मैल तार उभी राहिली. लोकांसाठी दर चारशे मैलांस सोळा शब्दांचा एक रुपया असा ठेविला होता. तेव्हाच्या मजुराच्या मानाने तो फार, परंतु व्यापाऱ्यास स्वस्त. सन १८५६ साली ओशॉनेसी सर झाले.

त्याच काळात, सन १८५३ साली, आपला वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला होता. पहिल्या तारेचा मार्ग आपल्या प्रांतातून गेला नव्हता. आपल्याकडे रेल्वे आली आणि तिच्या कडेने तारेचे खांब आले. सन १८६७ साली गाडी नागपुरास पोहोचली. सन १८७० मध्ये मुंबई ते विलायत समुद्राखालील तार पुरी झाल्यावर लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईस व मुंबईचा भाव अकोला, अमरावती, खामगाव येथील अडत्यांस कळण्यास फार वेळ लागेनासा झाला. अडत्यास भाव आधी कळे. गाडी भरून आलेल्या कुणब्यास तो कळे केव्हा, तर सौदा झाल्यावर! तारेने अंतर मिटविले, हे खरे. पण ते सर्वांसाठी सारखे मिटले नाही.

सन १८५७ च्या बंडाच्या वेळी ओशॉनेसी विलायतेत होते. त्यांच्या तारेने दिल्लीची बातमी पंजाबास वेळीच पोहोचविली आणि इंग्रजांस सावध केले. बंडवाल्यांनीही तारेचे महत्त्व ओळखिले, म्हणून ते जागोजाग ती तोडीत सुटले. तार कोणाची चाकर आहे हे ते नीट समजले होते.

प्रकृती बिघडल्यामुळे सन १८६० च्या सुमारास ओशॉनेसी यांनी हिंदुस्थान सोडिला. सन १८६१ मध्ये त्यांनी आपले आडनाव टाकून ब्रुक हे नाव धारण केले. त्यामुळे पुढे ग्रंथांतून त्यांचा माग काढणाऱ्यांची बरीच तारांबळ उडते. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे ते शांतपणे जगले व सन १८८९ च्या जानेवारीच्या ८ तारखेस साउथसी येथे वारले.

त्यांच्या क्षारपाण्याचे पुढे काय झाले? ज्या कलकत्ता मेडिकल कॉलेजात त्यांनी रसायन शिकविले त्याच कॉलेजात सन १९०८ च्या सुमारास डॉक्टर लिओनार्ड रॉजर्स यांनी पटकीच्या रोग्यांस शिरेतून मिठाचे पाणी पुरेशा प्रमाणात देण्यास आरंभ केला, आणि मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मधल्या काळात हिंदुस्थानात या रोगाने किती माणसे नेली याची गणती करवत नाही. आपल्या प्रांतात सन १९०० च्या दुष्काळात भुकेने खंगलेल्या माणसांवर जी मरी पडली तिच्या गोष्टी म्हातारी माणसे आपल्या नातवंडांस सांगत आली. सन १९७१ साली बांगलादेशातील निर्वासित बनगावच्या छावणीत पटकीने पटापट मरू लागले. शिरेतून द्यावयाचे पाणी संपले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून ठेविले आणि नातलगांनी ते रोग्यांस पाजावे असे सांगितले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू शेकडा चारांच्या आत आले. मीठ आणि क्षार ओशॉनेसींनी १८३१ सालीच सांगितले होते. साखर बरोबर असली म्हणजे आतडे मीठपाणी शोषून घेते, एवढी एकच गोष्ट मधल्या काळात नवी कळली होती.

सन २०२२ च्या जुलैत आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातील पाचडोंगरी व कोयलारी या गावी, उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिऊन लोकांस पटकी झाली व काही जण दगावले. बिल थकल्यामुळे नळाच्या पंपाची वीज तोडलेली होती, म्हणून लोक विहिरीवर गेले, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले. ही बातमी मुंबईस पोहोचण्यास मात्र काही वेळ लागला नाही.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून उपदेशकांनी पुढील प्रमाण पाठ करून ठेवावे. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, त्यात सपाट भरलेले सहा लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ. मीठ यापेक्षा अधिक घालू नये. जुलाब सुरू होताच हे पाणी थोडे थोडे पाजू लागावे, ओकारी झाली तरी दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे, आणि लगेच बैलगाडी, मोटार, जे मिळेल त्यात घालून रोग्यास दवाखान्यात न्यावे. वाटेतही पाजणे थांबवू नये. लीथच्या त्या म्हातारीस कोणी दुसऱ्यांदा पाणी घातले नव्हते.